पिनो न्वार: नावं नंतर, आधी फरक

विलामेटकाठ

पिनो न्वार या लाल वाईनच्या द्राक्षावर इथे सविस्तर चर्चा झालेली दिसली नाही, म्हणून हा धागा काढते आहे. मी अमेरिकेतल्या ओरेगनात, बीव्हर्टनला राहते. डंडीच्या द्राक्षबागांच्या टेकड्या इथून जवळ, त्यामुळे घरी पाहुणे आले की एक दुपार तिकडच्या वाईनऱ्यांत चाखायला जातेच. आणि जवळजवळ प्रत्येक पाहुण्याच्या तोंडून तेच ऐकते: "कार्डावर चेरी लिहिलंय, गुलाब लिहिलंय, मला तर काहीच येत नाही. माझं नाक बरोबर नसावं."

नाक बरोबर असतं. प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. एकच ग्लास समोर ठेवून "यात काय काय आहे?" असं विचारलं तर भल्याभल्यांना उत्तर देता येत नाही. दोन ग्लास शेजारी ठेवून "या दोन्हींत फरक काय?" असं विचारा. दहा मिनिटांत माणूस बोलायला लागतो. पहिली जास्त आंबट आहे, दुसरी जिभेवर थोडी खरखरते, पहिलीचा वास लगेच येतो, दुसरीचा उशिरा. झालं की! चाखणं म्हणजे एवढंच असतं. वासांना नावं देण्याचं काम हळूहळू जमतं, आणि नाही जमलं तरी आनंदात उणं काही राहत नाही.

हे सगळ्याच वाईनना लागू आहे, पण पिनो न्वारला सर्वात जास्त. कॅबर्ने सोव्हिन्यों ही लाल द्राक्षाची जात कुठेही लावा, ती बऱ्याच अंशी आपला स्वभाव राखते. पिनो मात्र टेकडी बदलली, उताराची दिशा बदलली, पावसाचं वर्ष बदललं की बदलते. तिची साल पातळ, रंग कमी, टॅनिन (तोंड ओढल्यासारखं करणारं सालीतलं द्रव्य) कमी. त्यामुळे माती, हवामान आणि वाईन करणाऱ्याचा हात यांतलं काहीही तिच्याआड लपत नाही.

जोडी कशी निवडावी? एकच वाईनरी, एकच वर्ष, दोन वेगळ्या बागा. यातून मातीतला फरक कळतो. किंवा एकच बाग आणि दोन वर्षं, म्हणजे हवामानातला फरक. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर काही हाती लागत नाही.

आमच्या विलामेट खोऱ्यात मातीची जोडी सहज मिळते. डंडी हिल्सवर जोरी नावाची लाल माती आहे, जुना बसाल्ट झिजून झालेली. जरा पश्चिमेला यामहिल-कार्लटनकडे गेलात की विलाकेंझी लागते. तीही टेकडीवरचीच, पण समुद्रतळाशी साचलेल्या गाळाच्या खडकापासून बनलेली, त्यामुळे पाणी चटकन निथळून जातं. माझ्या अनुभवात जोरीवरची पिनो लाल फळांकडे झुकते, हलकी आणि सरळ असते. विलाकेंझीवरची गडद फळांची, तोंडात जास्त भरणारी. खोऱ्याच्या तळाशी मात्र द्राक्षबागा फारशा दिसणार नाहीत. हिमयुगाच्या अखेरीस माँटानाकडचे बर्फाचे बांध पुन्हा पुन्हा फुटून महापूर आले आणि इथे गाळाचे थर टाकून गेले. त्या सुपीक, ओल धरणाऱ्या जमिनीत वेल नुसता पानांनी माजतो. म्हणून बागा पुराच्या रेषेच्या वर, उतारावर.

वर्षांची जोडी हवी असेल तर २०११ आणि २०१४ आठवून पाहा, कुठे मिळाल्या तर. २०११ इतकं थंड गेलं की तोडणी ऑक्टोबर उलटून नोव्हेंबरपर्यंत लांबली. २०१४ उष्ण आणि भरपूर पिकाचं. एकाच बागेच्या या दोन बाटल्या उघडल्या तर वेगळ्या प्रदेशांतल्या वाटाव्यात इतका फरक असतो. मला स्वतःला २०११ जास्त आवडतं. सुरुवातीला लोकांनी त्याला कच्चं म्हणून नाकारलं होतं, पण त्या आंबटपणानेच त्या वाईन टिकवल्या.

आता प्रत्यक्ष चाखण्याविषयी. बाटली थंड हवी, १३ ते १६ अंशांच्या आसपास. ग्लास मोठ्या पोटाचा आणि वर निमुळता, आणि तो एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पहिला वास ग्लास न हलवता घ्या. सर्वात हलके, फुलांसारखे वास तेव्हाच मिळतात. ग्लास जोरात गरगरवला की अल्कोहोल वर येतं आणि ते दबतात. मग हलवून पुन्हा वास. घोट घेतल्यावर लगेच गिळू नका, जिभेच्या कडांकडे जाऊ द्या. तोंडाला किती पाणी सुटतं ते बघा, तो आंबटपणा. हिरड्या आणि गाल किती ओढल्यासारखे होतात ते बघा, ते टॅनिन. चांगल्या पिनोत ते अगदी बारीक असतं, पण असतंच. गिळून झाल्यावर गप्प बसा आणि चव किती वेळ राहते ते पाहा. साधी पिनो आणि उत्तम पिनो यांतला खरा फरक मला इथेच सापडतो. पहिल्या वासात दोन्ही गोड वाटू शकतात. उत्तम असेल ती गिळल्यानंतरही तोंडात बदलत राहते.

आणि घाई नको. पहिल्या घोटानंतर अर्ध्या तासाने त्याच ग्लासाकडे परत या.

सह्यवारा

मस्त धागा. पुण्यातून दोन व्यावहारिक प्रश्न. दुकानदार सांगतो की रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची. आमच्याकडे एप्रिलात घरात ३२ अंश असतात. आणि तो मोठ्या पोटाचा ग्लास नसेल तर?

विलामेटकाठ

@सह्यवारा, ते रूम टेंपरेचर युरोपातल्या दगडी घरांचं, हीटर येण्याआधीच्या काळातलं. पुण्याच्या उन्हाळ्यात तसं प्यायलात तर नुसतं अल्कोहोल नाकात जाईल आणि फळ शिजल्यासारखं लागेल. बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवा, काढून दहा मिनिटांनी ओता. ग्लासात ती हळूहळू गरम होतेच, आणि तो प्रवास चाखण्यासारखा असतो. फार गार असेल तर वास बंद राहतो, मग ग्लासाला तळहात लावून धरा.

ग्लासाचं म्हणाल तर विशेष ग्लास नसला तरी चालेल, पण सरळ उभ्या भिंतींचा पाण्याचा ग्लास नको. वास धरून ठेवायला वरचं तोंड आत वळलेलं हवं. आणि दोन्ही ग्लास एकसारखे घ्या. ग्लास वेगळे असतील तर फरक वाईनचा की काचेचा, हे कळणार नाही.

घाटमाथा

स्पष्ट लिहितो. मला पिनो पाणचट वाटते. शिराझ, कॅबर्ने यांची सवय आहे. ग्लासातून पलीकडचं दिसतं अशा वाईनला त्याच्या दुप्पट पैसे का द्यायचे? आणि एकदा बऱ्यापैकी स्वस्त कॅलिफोर्नियन पिनो प्यायलो होतो, ती चांगली गडद होती, गोडसर होती, आवडली. मग खरी पिनो कुठली?

विलामेटकाठ

@घाटमाथा, चांगला प्रश्न विचारलात. रंग आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिनोच्या सालीत रंगद्रव्यं मुळात कमी, आणि रंग गडद व टिकाऊ करणारी अँथोसायनिनची जी रूपं इतर बहुतेक लाल द्राक्षांत असतात ती पिनोत नसतातच. अल्कोहोल मात्र १३-१४ टक्के असतं, म्हणजे कॅबर्नेहून फारसं कमी नाही. पाणी मिसळल्यासारखा दिसणारा तो ग्लास अजिबात पाणचट नसतो.

त्या गडद, गोडसर पिनोबद्दल: अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार बाटलीवर एका द्राक्षाचं नाव लावायला त्या द्राक्षाची ७५ टक्के वाईन पुरते. उरलेल्या २५ टक्क्यांत शिराझ किंवा आणखी कुठली गडद वाईन घालता येते, आणि स्वस्त बाटल्यांत ती बऱ्याचदा घातली जाते. ओरेगनने आपला नियम कडक ठेवला आहे, पिनो न्वार लिहायचं तर ९० टक्के. तुम्हाला आवडली ती वाईन वाईट होती असं मी म्हणत नाही. पण तिच्यावरून पिनोची ओळख होत नाही.

माझी एक विनंती. शिराझनंतर पिनो पिऊ नका. क्रम उलटा ठेवा, किंवा त्या संध्याकाळी फक्त पिनो. जड वाईननंतर जीभ टॅनिनने भरलेली असते, मग हलकी वाईन पाण्यासारखीच लागणार.

ओलांडा

ताई, निफाडहून लिहितोय. खायच्या द्राक्षाची थॉम्पसन आहे आणि थोडी शिराझची बाग वाईनरीच्या कराराने. पिण्याचं फार कळत नाही, बागेचं विचारतो. पिनोचा घड घट्ट असतो असं ऐकलंय. मग मण्यात सड शिरत नाही का? तिकडे खुंट कोणता वापरतात? एकरी माल किती निघतो? आणि आमच्याकडे नाशकात पिनोची लाल वाईन फारशी का होत नाही? आमची जमीनही काळ्या खडकाचीच आहे.

विलामेटकाठ

@ओलांडा दादा, तुमच्या प्रश्नांमुळे धाग्याचं सोनं झालं.

घड लहान आणि मण्याला मणी चिकटलेला. साल पातळ, त्यामुळे तोडणीच्या वेळी पाऊस आला तर आतून कूज धरते. थॉम्पसनसारखी मण्यांची विरळणी किंवा जिब्रेलिकची (मणी फुगवणाऱ्या संजीवकाची) फवारणी इथे करत नाहीत. घडाजवळची पानं काढतात, तीही शक्यतो पूर्वेच्या बाजूची, म्हणजे सकाळचं ऊन लागून दव सुकतं आणि दुपारच्या उन्हात मणी भाजत नाहीत. इथला उन्हाळा कोरडा, म्हणून ओलीत वाढणाऱ्या केवडा या बुरशीचा त्रास जवळपास नाही. भुरी ही दुसरी बुरशी मात्र मोठा शत्रू, तिच्यासाठी फवारण्या सुरूच असतात. पाऊस ऑक्टोबरात येतो, आणि शेवटचे पंधरा दिवस सगळ्यांचं लक्ष आकाशाकडे असतं.

एकरी दोन-अडीच टन. हो, बरोबर वाचलंत. पाणी उतरायच्या (मणी मऊ होऊन रंग धरायच्या) सुमारास जास्तीचे घड कापून खाली टाकतात.

खुंटाचं, म्हणजे ज्या मुळावर वेलाचं कलम बांधतात त्याचं, असं की इथे सुरुवातीच्या लोकांनी वेल स्वतःच्याच मुळावर लावले. १९९० साली ओरेगनात फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड सापडली आणि मग सगळे कलमांकडे वळले. ३३०९, १०१-१४ असे खुंट चालतात. तुमच्या डोगरीजसारखे पाण्याचा ताण आणि खारटपणा सोसणारे खुंट इथे लागत नाहीत, ते इथे वेलाला नको इतका जोर देतील.

आता नाशिक. अडचण खडकाची नाही, ऋतूंच्या क्रमाची आहे. तुम्ही एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) करता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी), आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये येतो. म्हणजे मणी पिकत असताना दिवस तापत जातात. इथे एकच छाटणी, हिवाळ्यात. एप्रिलात डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टमध्ये पाणी उतरतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. मणी पिकत असताना रात्री गार होत जातात. पिनो मुळात लवकर पिकणारी जात. ऊन वाढत गेलं तर साखर झपाट्याने चढते, आंबटपणा जळतो आणि वास तयार व्हायला वेळच मिळत नाही. हंगामाचं सरासरी तापमान साधारण १४ ते १६ अंश, हा तिचा पट्टा मानतात. त्यापलीकडे गेलं की ती कुठल्याही साध्या लाल वाईनसारखी लागते. निफाडला डिसेंबरात कडाक्याची थंडी पडते हे माहीत आहे, पण ती रात्रीची. दुपार तिला सोसत नाही.

आणि खडकाचं नातं खरंच आहे. इथला बसाल्ट कोलंबिया नदीच्या लाव्ह्याचा, आपला दख्खनचा. दोन्ही भेगांतून उसळून शेकडो मैल पसरलेले थर. पण जोरी माती पावसाने धुऊन धुऊन लाल झालेली आहे, दिसायला महाबळेश्वरच्या मातीच्या जवळची, तुमच्या काळ्या मातीच्या नव्हे.

ओलांडा

एकरी अडीच टन! आमच्याकडे दहा-बारा टन काढून हिशोब जमत नाही. पण दिवस तापताना पिकणं आणि गार होताना पिकणं, हे एकदम पटलं. शिराझचा मालही फेब्रुवारीअखेरचा आणि जानेवारीअखेरचा वेगळा असतो, वाईनरीवाले आंबटपणा मोजूनच तारीख देतात. धन्यवाद ताई.

कोरा_कागद

मी मद्य घेत नाही, पण वाचायला फार आवडतंय. या सगळ्याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली ना? जमिनीच्या तुकड्यातुकड्याला वेगळी चव असते हे आधी कुणाच्या लक्षात आलं?

विलामेटकाठ

@कोरा_कागद, हो, बर्गंडीत. बोन या गावाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी पूर्वेकडे तोंड केलेली चुनखडीची एक चिंचोळी पट्टी आहे. १०९८ साली तिथून जवळच सितोचा मठ स्थापन झाला. त्या सिस्टर्शियन साधूंकडे दानात जमिनी येत गेल्या. त्यांच्याकडे वेळ होता, शिस्त होती आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच जमिनीवर काम करण्याची सोय होती. कुठला तुकडा आधी पिकतो, कुठे दव जास्त पडतं, कुठली वाईन जास्त टिकते, हे त्यांनी पाहून ठेवलं. क्लो द वूजो या प्रसिद्ध बागेची दगडी भिंत त्यांनीच बांधली, आतली जमीन जवळजवळ ५० हेक्टर.

१३९५ साली ड्यूक फिलिप द बोल्ड यांनी फर्मान काढून गामे हे भरपूर पिकणारं द्राक्ष उपटायला लावलं, पिनोचा दर्जा राखण्यासाठी. शेतकऱ्यांना ते जड गेलं असणार. भरघोस पीक देणारा वेल उपटून कमी पीक देणारा, नाजूक वेल लावायचा! तरी त्या धोरणानेच बर्गंडी घडली असं मला वाटतं.

राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढे नेपोलियनच्या कायद्याने वारसांत समान वाटण्या. आज त्या एका भिंतीआड साधारण ८० मालक आहेत, कुणाकडे तर वेलांच्या मोजक्या ओळी. सगळ्यांच्या बाटलीवर नाव तेच, ग्रां क्रू, म्हणजे सर्वात वरचा दर्जा. पण वरच्या उतारावरची जमीन निथळती आणि खालची, रस्त्याकडची चिकण. म्हणून बर्गंडीत जमिनीइतकंच करणाऱ्याचं नाव बघावं लागतं. २०१५ साली युनेस्कोने तिथल्या या छोट्या छोट्या तुकड्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

@घाटमाथा यांच्या पैशांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. रोमाने-काँती हा सर्वात प्रसिद्ध तुकडा दोन हेक्टरसुद्धा नाही, आणि मागणारं सगळं जग आहे. त्या बाटल्यांच्या मागे मी कधी जाणार नाही. तेवढ्या पैशात दोनशे चांगल्या जोड्या होतात.

बाडेनवासी

फ्रायबुर्गहून. इथे पिनोला श्पेटबुर्गुंडर म्हणतात आणि लागवडीत फ्रान्स, अमेरिका यांच्यानंतर जर्मनीचा नंबर लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पूर्वीची इथली पिनो फिकी आणि पातळ असे. गेल्या काही दशकांत हवा तापली आणि वाईन करणाऱ्यांनी बर्गंडीत जाऊन कामही शिकलं. आज बाडेनची पिनो त्याच दर्जाच्या बर्गंडीपेक्षा निम्म्या पैशात मिळते. कायझरस्टूलला ज्वालामुखीची जमीन आहे आणि थोडं पलीकडे चुनखडी, त्यामुळे धागाकर्तीने सांगितलेली जोडी इथेही जमते. मी करून पाहिली. चुनखडीवरची तोंडात ताठ, ज्वालामुखीवरची मऊ आणि धुरकट.

उत्तरेला आर नदीचं खोरं पिनोसाठी नावाजलेलं. जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या वाईनऱ्या बुडाल्या. चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच, न धुता विकून मदतनिधी उभा केला गेला. त्यातली एक माझ्याकडे आहे, ती उघडणार नाही.

जाईजुई

मी सुगंधद्रव्यांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून "मला वास येत नाही" या वाक्यावर थोडं लिहिते. पिनोतल्या फुलांच्या आणि रासबेरीच्या वासात बीटा-आयोनोन नावाच्या द्रव्याचा वाटा असतो. हे द्रव्य ओळखण्याची क्षमता माणसामाणसांत प्रचंड वेगळी आहे, आणि त्याला मुख्यतः नाकातल्या वास पकडणाऱ्या एकाच ग्राहीच्या जनुकातला फरक कारण आहे. काहींना ते अगदी कमी प्रमाणातही व्हायोलेटच्या फुलांसारखं सुगंधी वाटतं. काहींना जवळजवळ येतच नाही, आणि जास्त प्रमाणात दिलं तर आंबूस, उग्र वाटतं. म्हणजे एकाच टेबलावर बसलेले दोघं एकाच बाटलीतून खरोखरच वेगळी वाईन पीत असतात. कार्डावर "व्हायोलेट" लिहिलंय आणि तुम्हाला आलं नाही, तर त्यात सरावाचा दोष नाही.

आणखी एक. १९९० च्या दशकात बर्गंडीच्या पिनोत चार एस्टर (वास देणारी संयुगं) सापडली, दोन दालचिनीच्या आम्लाच्या कुळातली आणि दोन अँथ्रानिलेटं. यातलं मिथाइल अँथ्रानिलेट मोगऱ्याच्या, जाईच्या वासातही असतं. प्रमाण अगदी सूक्ष्म. त्यामुळे कुणाला जुन्या पिनोत फुलं आली तर ती कल्पना समजू नका.

विलामेटकाठ

@जाईजुई, हे मला हवंच होतं. धागा वर आणायला तुमचा प्रतिसाद पुरेसा आहे. म्हणूनच मी नावांऐवजी फरकावर भर देते. ज्याला आयोनोन येत नाही त्यालाही आंबटपणा, टॅनिन, लांबी (चव किती वेळ राहते) यांतला फरक पूर्ण कळतो.

दक्षिणतारा

न्यूझीलंडहून. सेंट्रल ओटागोची पिनो प्यायली नसेल तर जरूर शोधा. ४५ अक्षांश, ओरेगनसारखंच, पण दक्षिणेला. डोंगरांच्या आत, कोरडं, शिस्टच्या पाटीसारख्या खडकाची जमीन. इथलं ऊन तिखट, त्यामुळे साल जाड होते आणि पिनो गडद. @घाटमाथा, तुम्हाला इथून सुरुवात करायला आवडेल. मिसळ केल्याशिवाय गडद आहे.

मार्टिनबरोची गोष्टही सांगतो, इथे सगळ्यांना पाठ आहे. १९७० च्या दशकात ऑकलंडच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या गमबुटात लपवलेली वेलाची काडी सापडली, रोमाने-काँतीच्या बागेतली म्हणे. जप्त करणारे कस्टम अधिकारी माल्कम एबल स्वतः द्राक्षबाग करणारे! त्यांनी ती काडी फेकली नाही, सरकारी संशोधन केंद्रात रीतसर तपासणीला पाठवली आणि नंतर लावली. आता तो एबल क्लोन म्हणून देशभर आहे. टॅनिन जरा जास्त देतो.

घाटमाथा

@दक्षिणतारा, नोंद केली. @विलामेटकाठ, क्रम उलटा करून पाहतो. जेवणाबरोबर काय?

विलामेटकाठ

@घाटमाथा, इथे सामन (सॅल्मन) माशाबरोबर पितात. लाल वाईन आणि मासा हे सहसा जमत नाही, पण पिनोत टॅनिन कमी असल्याने जमतं. आपल्या जेवणात अळंबी, वांग्याचं भरीत (मिरची बेताची), डाळिंब्यांची उसळ, पांढरा रस्सा. तांबडा रस्सा नको. तिखटाने अल्कोहोल जास्त भाजतं आणि वाईनचं काही उरत नाही. पण चाखायला बसाल तेव्हा जेवण नंतर. आधी फक्त पाणी आणि साधा पाव.

पाचवा_प्रहर

ओरेगनच्या पिनोला फ्रेंच लोक मानतात का?

विलामेटकाठ

मानतात, आणि त्याची सुरुवात ठरावीक बाटलीपासून झाली. डेव्हिड लेट १९६५ साली काड्या घेऊन इथे आले, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या जाणत्यांनी इथे द्राक्ष पिकणार नाही असं सांगितलं होतं. त्यांच्या आयरी बागेची १९७५ ची पिनो १९७९ साली पॅरिसच्या स्पर्धेत पहिल्या दहात आली. बर्गंडीतल्या द्रुआं या वाईनवाल्या घराण्याला ते पटलं नाही, म्हणून १९८० साली बोनला त्यांनी पुन्हा चाचणी घेतली. तिथे ती त्यांच्याच १९५९ च्या शांबोल-म्युझिनीच्या खालोखाल, अगदी थोडक्या गुणांनी दुसरी आली. त्याच द्रुआंनी १९८० च्या दशकात डंडी हिल्समध्ये जमीन घेतली. यापेक्षा मोठी पावती ती कुठली!

२०२० चं सांगायचं राहिलं. त्या सप्टेंबरात जंगलांना आगी लागल्या आणि खोरं दिवसेंदिवस धुराने भरलं. धुराची द्रव्यं सालीत शिरून साखरेशी बांधली जातात. रसात वास येत नाही, आंबवल्यावर सुटतो, आणि कधी तर घोट तोंडात घेतल्यावरच येतो, विझलेल्या शेकोटीच्या राखेसारखा. साल न भिजवता केलेल्या वाईनमध्ये ही द्रव्यं कमी उतरतात, म्हणून कित्येकांनी त्या वर्षी लाल पिनो केलीच नाही, फक्त रोझे (गुलाबी) किंवा पांढरी केली. २०२० ची ओरेगन पिनो दिसली तर कुणी केली आहे ते चौकशी करून घ्या. ज्यांनी संशयित माल टाकून दिला त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. एका वर्षाचं उत्पन्न सोडणं सोपं नसतं.

सह्यवारा

काल आम्ही मित्रमंडळींनी पैसे काढून दोन बाटल्या आणल्या. एकाच वाईनरीच्या, एकाच वर्षाच्या दोन बागा इथे मिळाल्या नाहीत. मग एकाच वर्षाच्या, ऑस्ट्रेलियातल्या यारा व्हॅलीची एक आणि टास्मानियाची एक. बाटल्या कागदात गुंडाळल्या. फरक सगळ्यांना कळला! टास्मानियाची जास्त आंबट आणि लांब, याराची गोलसर. पण एकजण म्हणाला की दोन वेगळ्या आहेत हे आधीच माहीत असल्यामुळे आपण फरक शोधतोच. त्याला काय उत्तर द्यायचं? आणि उरलेली बाटली किती टिकते?

विलामेटकाठ

@सह्यवारा, तुमच्या मित्राचं बरोबर आहे. त्याच्यासाठी तीन ग्लासांची चाचणी करा. कुणीतरी बाहेर जाऊन तीन ग्लास भरायचे, दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. क्रम फक्त भरणाऱ्यालाच माहीत. बाकीच्यांनी वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांत एक बरोबर येतोच, म्हणून प्रत्येकाने तीन-चारदा करावं. ग्लास सारखे, वाईन सारखी गार, आणि शक्य असेल तर दिवा मंद ठेवा, म्हणजे रंगावरून ओळखता येणार नाही. फेऱ्या जास्त झाल्या तर घोट थुंका, त्यासाठी एक भांडं टेबलावर ठेवा. इथल्या टेस्टिंग रूममध्ये सगळे थुंकतात, गाडी चालवणारा तर नक्कीच. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. पिनो दोन दिवस बरी राहते, तिसऱ्या दिवशी वास उतरतो. अर्धी उरणार हे आधीच ठाऊक असेल तर बाटली उघडल्या उघडल्या लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी लागते. दुसऱ्या दिवशी ती काढून चाखा आणि आदल्या दिवशीच्या नोंदींशी ताडून पाहा. टास्मानियाची बहुधा जास्त खुललेली असेल. काय झालं ते इथे लिहा.